खडूची खूण तुझी, ग्रीस माझं

सुधाकर,

तुझ्या दहाव्याला गोदावरीच्या घाटावर माझ्या हातात माईक दिला. आपल्याकडची रीत तुला ठाऊकच आहे. महाराजांचं प्रवचन संपलं की श्रद्धांजलीला माणसं उठतात, आणि गेलेला जिवंतपणी कसाही असो, त्या पाच मिनिटांत तो मनमिळाऊ, प्रेमळ आणि दिलदार होऊन जातो. तुला या भाषणांचा भारी कंटाळा. मागं बसून माझ्या कानात म्हणायचास, एवढा चांगला माणूस हुता तर जित्तेपणी त्याला कुणी सांगितलं का न्हाई? मला हसू आवरायचं नाही आणि पुढची माणसं वळून बघायची. तर त्याच घाटावर मी उभा राहिलो आणि म्हणालो, 'सुधाकर मनमिळाऊ होता.' आणखी दोन वाक्यं बोललो असेन, आठवत नाहीत. जे सांगायला उठलो होतो ते घशातच राहिलं, कारण बायकांच्या रांगेत अर्चना बसली होती.

तू मनमिळाऊ कसला रे? एक नंबरचा खडूस होतास. शाळेत एका बाकावर बसलो तेव्हापासूनचा खडूस. पुढं तू कारखान्यात फिटर झालास, मी बापाचा ऊस सांभाळला, आणि आपली भांडणं चालूच राहिली. डॉक्टरांनी मला शुगर सांगितली त्या दिवशी तू धीर द्यायला आलास आणि काय म्हणालास? ऊस लावतोस तू, साखर काढतो आम्ही, आणि साठवायची तुझ्या रक्तात, हे कोणत्या कारखान्याचं धोरण? मग दुसऱ्या दिवशी सकाळी दोन सायकली घेऊन दारात हजर. त्यातली एक माझ्यासाठी आणलेली, सीटची उंचीसुद्धा माझ्या मापाला लावलेली. तिथून आपला क्लब सुरू झाला.

क्लब म्हणायला. माणसं पाच. तू, मी, गणिताचे रिटायर गुरव सर, मेडिकलवाला नितीन आणि अर्चना. अर्चना माझ्या चुलतभावाची, किरणची बायको. शाळेत मुलांना शिकवते. लहानपणी माहेरी सायकलवर शाळेत जायची, ते तिच्या पायांत राहिलेलं. काकूला, म्हणजे तिच्या सासूला, सुनेनं अशी पँट घालून रस्त्यावर जाणं पटत नव्हतं. किरणचंही मन धजत नव्हतं. मी मध्ये पडलो. मी हाय ना, काय होतंय तिला, असं छातीवर हात मारून म्हणालो. माझ्या शब्दावर ती आली आणि सहा महिन्यांत आपल्या सगळ्यांच्या पुढं जायला लागली.

मागच्या वर्षी गणपती उठल्यावर आपण ठरवलं, शनिवारी कोपरगावाहून अकोले गाठायचं, तिथं मुक्काम, आणि रविवारी राजूरवरून भंडारदरा. शुक्रवारी दुपारी पाची सायकली माझ्या ट्रॅक्टरच्या शेडमध्ये आणल्या. तू गोणपाट अंथरलंस, एकेक सायकल उलटी केलीस. चेन धुतल्या, पातळ तेल सोडलंस, आणि फडक्यानं पुसून पुसून पुन्हा कोरड्या केल्यास. तपासून झालेल्या सायकलीच्या दांडीवर खडूनं छोटी खूण. कारखान्यात ओव्हरहॉलिंग झालेल्या मशिनवर करता तशी. खूण झाली की मालकानंसुद्धा त्या सायकलीला हात लावायचा नाही, हा तुझा नियम. मला तो नियम म्हणजे फिटरचा माज वाटायचा.

तू गेल्यावर मी ट्रॅक्टरला ग्रीस मारायला घेतलं. हातात ग्रीसगन आणि समोर पाच सायकली, चेन कोरड्या ठणठणीत. आपला जुना वाद तुला आठवतोच. मी म्हणायचो, वंगण जास्त झालं म्हणून जगात कुठलं यंत्र बिघडलंय? तू म्हणायचास, वंगण आत पाहिजे, बाहेर न्हाई, बाहेर राहतं त्याचा चिखल होतो. म्हटलं, आज याला दाखवूच. पाची चेनींना बोटानं ग्रीस चोपडलं, एक कोपरा सोडला नाही. उद्या चेन आवाज न करता पळाल्या की अकोल्यात जेवताना सांगेन, बघ, जिंकलो. एवढंच डोक्यात होतं रे. आपल्या भांडणात एकदा तरी वर राहायचं होतं मला.

शनिवारी उजाडायच्या आतच निघालो, त्यामुळं तू टायर दाबून बघितलेस आणि बाकी काही बघितलं नाहीस. दिवसभर कोरडी हवा, रस्ता चांगला. चेनचा आवाज नाही की कुरकुर नाही. मी संगमनेरपर्यंत गालातल्या गालात हसत होतो. अकोल्यात लॉजवाल्यानं सायकली गोदामात घालून कुलूप लावलं. जेवताना सांगणार होतो, पण तुझं डोकं दुखत होतं, तू दोन घास खाऊन झोपलास. म्हटलं, उद्या भंडारदऱ्याला सांगू, तिथं जास्त मजा येईल.

रविवारी अकोले सोडलं आणि बारीक पाऊस सुरू झाला. पुढं रस्त्याचं काम चाललेलं, सगळीकडं ओला मुरूम. भातखाचरं हिरवीगार, डोंगरावर ढग उतरलेले, अर्चना तर गाणं म्हणत पुढं गेली. विठ्याचा घाट लागला आणि पहिल्यांदा गुरव सरांची चेन अडकली. तू म्हणालास, किरकोळ आहे, आणि गुडघ्यावर बसलास. तेवढ्यात मागून नितीन ओरडला. त्याचा मागचा गिअर चाकाच्या तारांमध्ये ओढला जाऊन वाकडा झाला होता. तू तो गिअर काढून टाकलास, चेन तोडून आखूड केलीस आणि एकाच चक्रीवर जोडून दिलीस. घे, आता ही तुझ्या आजोबाची सायकल झाली, असं म्हणालास. नितीन हसला, सरही हसले. मी हसलो नाही. तुझ्या हाताला जे काळं लागलं होतं ते मी बघत होतो. ग्रीस आणि मुरूम मिळून त्याचा सिमेंटसारखा गारा झाला होता.

तू ते बोटावर घेतलंस. हुंगलंस. मग माझ्याकडं बघितलंस. मी खाचरांकडं बघायला लागलो.

'भाऊसाहेब, कवा?'

'शुक्रवारी. तू गेल्यावर.'

'पाची?'

'पाची.'

'अर्चनाला थांबव,' तू म्हणालास. आवाज चढवला नाहीस, शिवी दिली नाहीस. मी सायकलवर टांग मारली आणि घाटात चढाला लागलो. दोन वळणांवर माझीच चेन अडकली. सायकल टाकली आणि पळत सुटलो. पन्नाशीतला शुगरवाला माणूस, घाटात, पावसात, अर्चना अर्चना असा ओरडत. तिनं ऐकलं नाही. वळणावरचा चढ उभा होता म्हणून ती सीटवरून उठली, सगळा भार पायडलवर दिला, आणि चेन घसरली. मी पोचलो तेव्हा ती कडेच्या दगडांत बसली होती आणि उजवा हात डाव्या हातानं धरला होता.

मागून राजूरच्या बाजारची जीप आली. ड्रायव्हर भला माणूस. त्यानं दोन बाया मागं सरकवल्या, अर्चनाला पुढं बसवलं आणि सायकली टपावर टाकल्या. राजूरला दवाखान्यात फोटो काढला, मनगटाचं हाड मोडलं होतं. प्लास्टर घातलं. ती रडली नाही. तू आत आलास तेव्हा तिनं एवढंच विचारलं, 'काका, तुम्ही बघितली होती ना चेन?'

'बघितली हुती,' तू म्हणालास. 'खूण माझी हाय. चूक माझी.'

मी तिथंच उभा होतो. हातात तिच्या हाडाचा फोटो धरून मूग गिळून उभा होतो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथं तर संन्यासी स्वतःच्या पायानं चालत गेला आणि चोरानं त्याला वाट करून दिली.

परत येताना मी तुला म्हणालो, आज घरी पोचलो की किरणला सांगतो. तू नको म्हणालास. आज सांगितलंस तर भावकीत आग लागंल, पोरीचं दुखणं राहील बाजूला आणि तुमचंच भांडण सुरू हुईल, चार दिवसांनी सांग. खरं बोलू? ते ऐकून मला इतकं हलकं वाटलं की लाज वाटावी. चार दिवसांचे पंधरा झाले, पंधराचा महिना. प्लास्टर निघालं, मनगट पुरतं वळेना. किरणनं सायकल तुझ्याकडं पाठवून दिली, विकून टाका म्हणाला. अर्चना क्लबमधून गेली. तिनं माझ्याशी बोलणं सोडलं नाही, ती मला चहा देत होती, दिवाळीला फराळ देत होती. तुझं नाव निघालं की उठून आत जायची. एकदा काकू म्हणाली, त्या फिटरच्या भरवशावर पोरगी पाठवली हेच चुकलं. मी त्या वेळी करंजी खात होतो. ती गिळली आणि गप्प बसलो.

नंतर आपण दोघंच फिरायचो. सर येईनासे झाले, नितीनला दुकान. झगडे फाट्यावर चहा प्यायला थांबलो तेव्हा आपलं शेवटचं मोठं भांडण झालं, जागेला नाव अगदी शोभलं. मी म्हणालो, चूक माझी आहे, तू का मिरवतोस? तू म्हणालास, तुझी न्हाईच. येडा माणूस ग्रीस लावणारच, म्हणून तर सकाळी पुन्हा बघायचं असतं, आणि त्या दिवशी मी बघितलं न्हाई. मी भडकलो. म्हणालो, माझी चूकसुद्धा तू माझी राहू देत नाहीस. तू कप खाली ठेवलास आणि म्हणालास, 'मग जा आणि सांग तिला. मी काय तुझा हात धरलाय?'

नव्हता धरलास. तेच तर. तू चार दिवस मागितले होतेस आणि मी वर्ष घेतलं. आणि यंदा श्रावणात तू काही न सांगता गेलास. आपला वाद अर्धवट, आणि मी माईक धरून म्हणतोय मनमिळाऊ.

दहाव्यानंतर तुझ्या घरून मंदावहिनींचा फोन आला. मागच्या खोलीत एक सायकल आहे, ती तुमच्या घरची आहे, घेऊन जा म्हणाल्या. मला वाटलं गंजून पडली असेल. दार उघडलं तर अर्चनाची सायकल भिंतीला टेकून उभी, नव्यासारखी. तू विकलीच नव्हतीस. चेन धुतलेली, पुसलेली, कोरडी. आणि गिअर बदलायचा खटका उजव्या मुठीवरून काढून डावीकडं बसवला होतास. ब्रेकचा दांडा आत घेतला होतास, म्हणजे मनगट न वळवता नुसत्या बोटांनी दाबता यावा. मी तुला तिच्या मनगटाचं एकदाच बोललो होतो, तेही सहज. तू तेव्हा हूं सुद्धा म्हणाला नव्हतास. मी त्या खोलीत खाली बसलो आणि पोटभर रडलो. वहिनी दारात उभ्या राहिल्या.

ती सायकल टेम्पोत घालायची हिंमत झाली नाही. हातात धरून चालत आणली, बाजारातून, सगळ्यांच्या देखत. किरणच्या घरी ओट्यावर तिघंही होती. मी चहा नको म्हणालो आणि उभ्यानंच सांगितलं. ग्रीसगन, पाची चेन, राजूर, सगळं. काकूनं तोंडाला पदर लावला आणि मग मला जे झाडलं ते तू ऐकायला हवं होतंस, तुझा जीव सुखावला असता. किरण उठून गोठ्याकडं गेला. तो अजून माझ्याशी नीट बोलत नाही. बोलेल. मी रोज जातो.

अर्चनानं उठून सायकलीचा डावीकडचा खटका दाबून बघितला. मग म्हणाली, 'दादा, त्याच दिवशी सांगितलं असतं तर मी तुमच्यावर आठ दिवस फुगून बसले असते, नवव्या दिवशी चहा टाकला असता. तुम्ही घरचे. घरच्यावर किती दिवस रागावणार? ते परके होते, म्हणून मी वर्षभर रागावले.'

सुधाकर, मला वाटत होतं मी घर वाचवतोय. घर कुठं जाणार नव्हतंच. तू तेवढा गेलास.

मग मी तिला आपला वाद सांगितला. तू म्हणायचास तुझी चूक, मी म्हणायचो माझी, आणि निकाल लागायच्या आत एक पक्ष उठून गेला. ती मास्तरीण, तिनं लगेच तपासून दिलं. ग्रीसची चूक तुमची, सकाळी न बघितल्याची काकांची, आणि मला खुळी समजून गप्प बसल्याची तुम्हा दोघांची. मी तुझ्या वतीनं निकाल मान्य केला आहे. तू असतास तर अपील केलं असतंस, पण आता इलाज नाही.

परवाच्या रविवारी आम्ही चौघं पुन्हा गेलो. अकोल्यापर्यंत सायकली टेम्पोत, तिथून पुढं पायडल. सरांना मी घरी जाऊन उठवलं. नितीननं दुकान भावाकडं दिलं. निघायच्या आधी अर्चनानं सगळ्या सायकली स्वतः तपासल्या, तू करायचास त्या क्रमानं, आणि मला म्हणाली, दादा, तुम्ही जरा लांब उभे राहा. सगळे हसले. मी खरोखरच हात पाठीमागं घेऊन लांब उभा राहिलो.

मग वाटेत सरांचं पंक्चर. तू असतास तर सात-आठ मिनिटांचं काम. आम्हा चौघांना तास लागला. नितीननं ट्यूब टायरमध्ये पिरगाळून बसवली, ती फुटली. दुसरी ट्यूब बसवली तर व्हॉल्व तिरका. सरांनी गणित मांडून दाखवलं की टायर चढूच शकत नाही. शेवटी अर्चनानं डाव्या हाताचा अंगठा लावून ते चढवलं आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. तुझ्यावाचून आमचं काही खरं नाही, हे त्या तासात कळलं. तुझ्यावाचून आमचं चालेल, हेही त्याच तासात कळलं. दोन्हींचं वाईट वाटलं आणि दोन्हींचं बरं वाटलं.

घाट लागला. रस्ता आता झाला आहे, मुरूम नाही. त्या वळणाच्या अलीकडं ती सीटवरून उठली. मी मागं होतो, तिच्या चेनकडंच बघत होतो. ती वळण चढून गेली, आणि वर जरा सपाट आहे तिथं पाय टेकून थांबली. सर आणि नितीन पुढं गेले. मी धापा टाकत पोचलो. ती खालच्या खाचरांकडं बघत होती.

म्हणाली, आखाडात एकदा बाजारात काका समोर आले होते. हातात भाजीची पिशवी. माझ्यासमोर थांबले आणि विचारलं, मनगट कसं हाय पोरी? मी उत्तर न देता बाजूनं निघून गेले. थोडं पुढं जाऊन मागं बघितलं, तर ते तिथंच उभे होते.

मला हे माहीत नव्हतं. तू मला सांगितलं नव्हतंस. रोज सकाळी माझ्याबरोबर सायकल चालवत होतास आणि हे एकट्यानं वागवत होतास. तिनं रडून घेतलं, मग रुमालानं तोंड पुसलं आणि सायकलवर बसली.

'दादा, तुम्ही काकांवर काहीतरी लिहिणार आहात असं तुमच्या घरी वहिनी म्हणत होत्या,' ती म्हणाली. 'त्यात माझं उत्तर लिहा.'

म्हणून लिहायला बसलो, सुधाकर. बाकी सगळं माझं होतं, एवढं तिचं आहे. मनगट बरं आहे. पुरतं वळत नाही, पण तू केलंस तसं ठेवलं तर गिअरही बदलतो आणि ब्रेकही दाबता येतो. परवा भंडारदऱ्यापर्यंत गेली.